भिंत नको, गोधडी अंथरा

पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीत महिला मंडळ चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीत मराठी, कानडी, तेलुगू, बिहार-उत्तर प्रदेशकडच्या आणि मुस्लिम अशा सगळ्या बायका आहेत. दोन वर्षं महिला दिनाला त्यांच्याकडून मिळून एक भिंत रंगवून घेतली. बायका आल्या, फोटो निघाले, चहा-वडापाव झाला. पण रंगवतानाही प्रत्येक गट आपापल्या तुकड्यापाशीच उभा होता आणि दुसऱ्या दिवशी नळावर परत तीच बोलाचाली. कलेतून या बायकांना खरोखर एकत्र आणायचं तर काय करावं, आणि पैशांचं कसं जमवावं?

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. भिंत रंगवताना प्रत्येकीचं तोंड भिंतीकडे असतं, शेजारणीकडे नसतं. त्यातून बाहेरचा चित्रकार आधी खडूनं आकृती काढून देतो आणि बायकांनी आत रंग भरायचा असतो. आपल्या वस्तीतल्या बहुतेकींनी शाळा सुटल्यावर ब्रश हातात धरलेला नाही. जे काम जमेल की नाही याची धास्ती असते, तिथे बाई ओळखीच्या बाईला धरून राहते. मग कानडी बायका कानडी बायकांजवळ आणि मुस्लिम मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यातल्यांजवळ. त्यात त्यांची काहीच चूक नाही.

भिंतीचं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. बंगळूरूमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेला अरवानी आर्ट प्रोजेक्ट ट्रान्स स्त्रियांना बरोबर घेऊन शहराशहरांत भिंती रंगवतो. तिथे भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, शिडीवर उभं राहून सगळ्यांना दिसणं हाच कामाचा गाभा आहे. तुमच्या बायकांची अडचण वेगळी आहे. त्या एकमेकींना रोज दिसतात, पण एकमेकींच्या घरी जात नाहीत. त्यांना एकमेकींकडे तोंड करून बसवणारं, हाताला आधीपासून येत असलेलं आणि एकटीनं उरकणार नाही असं काम हवं.

गेली सोळा वर्षं मी पुण्याच्या वस्त्यांमध्ये बायकांबरोबर शिवणकाम आणि गोधडीचं काम करते आहे. माझं म्हणणं सरळ आहे: यंदा भिंत नको, गोधडी अंथरा. आणि एकच गोधडी शिवून थांबू नका, भिशीसारखी फिरवा. भिशीचं पुढे सांगते.

गोधडीच का, याचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अंगणवाडीच्या खोलीत चौदा जणी आल्या होत्या आणि खोलीचे आपोआप चार कोपरे झाले होते. मी मध्ये एक दंड घातलेलं, म्हणजे फाटका भाग काढून जोडलेलं, जुनं नऊवारी अंथरलं आणि एकच गोष्ट विचारली, "तुमच्याकडे बाळ जन्मलं की पहिल्यांदा कशात गुंडाळतात?" संस्कृती, परंपरा असला एकही शब्द काढला नाही. एक आजी म्हणाल्या, "कशात म्हणजे? आज्जीच्या लुगड्याच्या दुपट्यात." मुझफ्फरपूरकडची एक तरुण सून इतका वेळ पदराआड होती, ती म्हणाली, "हमारे यहाँ भी पुरानी साड़ी में ही. सुजनी कहते हैं." तेलुगू अक्का म्हणाल्या, बोंत. विजापूरकडच्या म्हणाल्या, कौदी. मोहल्ल्यातल्या आपा म्हणाल्या, गुदडी. अम्मीनं स्वतःच्या दुपट्ट्याची शिवली होती, अजून पेटीत आहे. अवधकडच्या एकीनं कथरी सांगितली. मराठीतच एकीची गोधडी होती आणि दुसरीची वाकळ. पाच भाषा, सात शब्द, आणि वस्तू एकच: घरातल्या वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर आणि त्यावरून फिरणारा साधा धावदोरा. नवं कापड बाळाला टोचतं, हे प्रत्येकीला तिच्या आईनं सांगितलेलं होतं.

त्या दिवशी एकीलाही "मला येत नाही" म्हणावं लागलं नाही. तुमच्या भिंतीपाशी बहुतेकींना मनातल्या मनात तेच म्हणावं लागलं असणार.

आता काम कसं मांडायचं ते सांगते, कारण सगळं त्या मांडणीवर अवलंबून आहे.

सामूहिक गोधडीचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येकीला सारख्या मापाचा तुकडा देतात, ती घरी नेऊन करून आणते, मग सगळे तुकडे जोडतात. अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत जी प्रचंड गोधडी झाली ती अशी आहे. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण माणसाच्या कबरीएवढा. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. तिथे हीच रीत बरोबर होती, कारण माणसं देशभर विखुरलेली होती आणि प्रत्येक तुकडा एका गेलेल्या माणसाचा होता. पण तुमच्या बायका एका गल्लीत राहतात. त्यांना तुकडे वाटलेत तर प्रत्येक जण आपल्या घरात, आपल्या गटाच्या मदतीनं तुकडा करेल. जोडणी शिलाई मशीनवर होईल. तुकडे जोडले जातील आणि बायका होत्या तिथेच राहतील. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली होती.

दुसरा प्रकार म्हणजे एकच कापड जमिनीवर आणि सगळ्या भोवती. सहा फूट बाय सात फूट अंथरलं की आठ-दहा जणी आरामात बसतात. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मधले थर हातानं सारखे करायचे, मोठे कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं आणि मग कडेकडून आत शिवत यायचं. यात गंमत अशी होते की पहिल्या दिवशी समोरच्या दोघींमध्ये सहा फुटांचं अंतर असतं. काम आत सरकतं तशा बायकाही सरकतात, शिवून झालेल्या भागावर बसतात. शेवटी शेवटी डोक्याला डोकी लागतात. शेवटची ओळ घालताना कुणाची सुई कुणाच्या बोटाजवळून जाते आहे हे बघावंच लागतं.

कडेकडून आत येण्याची ही रीत सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीत, फार सुंदर दिसते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि कवंदी तिघींकडे एकच. एका कोपऱ्यापासून चिंध्या लावत, कडेनं फिरत मध्यापर्यंत यायचं आणि चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली 'फुला' लावायची. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. कुणाच्या कवंदीत क्रूस दिसतो, कुणाच्या चंद्रकोर. रीत बदलत नाही. वेगळेपण हवं तेवढं असू द्यावं, पण ते एका रीतीच्या आत असावं, हे मला त्या कामाकडे बघून पटलं. २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

कापड कुठून आणायचं? प्रत्येकीच्या घरातून, आणि जुनंच. दुकानातून चिंध्यांचं पोतं आणू नका. सुती असेल तर उत्तम, पण आज सुती पातळं किती घरांत उरलीत? सिंथेटिक साडी घसरते, सुई सुळकन जाते आणि टाका सैल पडतो. ती मधल्या थरात घाला. लेगिंगचं ताणणारं कापड अजिबात घेऊ नका, गोधडीला पोक येतं. मॅक्सी चालते.

आणि आता नाजूक गोष्ट. कापड आलं की 'कुणाचं' हा प्रश्न येतोच. तो जातीचा असतो, धर्माचा असतो, कधी नवरा वारलेल्या बाईच्या साडीचा असतो. कुणी तोंडानं बोलत नाही, पण हात एखाद्या कापडाकडे जात नाही हे तुम्हाला दिसेल. यावर भाषण करू नका. मी एक करते: पहिल्या दिवशी सगळं कापड एका मोठ्या पिंपात गरम पाण्यात एकत्र भिजवते आणि चिठ्ठ्या टाकून धुवायच्या जोड्या पाडते. त्याला कामाचं खरं कारणही आहे. रंग जाणारं कापड आधीच कळतं, आटायचं ते आटतं, खळ निघून जाते. पण पिंपातून पिळून काढताना कुणाचं काय ते कुणालाच सांगता येत नाही. एकदा एका बाईनं पिंप बघितलं आणि आपलं पातळ काढून घेऊन निघून गेली. मी अडवलं नाही, मागेही गेले नाही. तिसऱ्या गोधडीच्या वेळी ती परत आली, पातळ घेऊनच. का आली ते मी विचारलं नाही. सगळ्याच परत येतात असं नाही, एक जण कधीच आली नाही.

काळ्या कापडाची गोष्टही सांगते. आपांनी एका गोधडीसाठी जुन्या बुरख्याचं चांगलं, मऊ काळं कापड आणलं. ती गोधडी एका गरोदर मुलीसाठी होती. मराठी बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली: बाळाच्या अंथरुणात काळं कसं? आपांना समजलं आणि त्या कापडाची घडी करायला लागल्या. खोलीत कुणीच बोलेना. मी काही म्हणणार तेवढ्यात त्याच पहिल्या दिवशीच्या आजी म्हणाल्या, "तीट काळीच लावतो ना आपण बाळाला?" आणि त्यांनी त्या कापडातून रुपयाएवढा गोल कापला आणि एका कोपऱ्यात ठेवला. आपांनीच तो शिवला. उरलेलं कापड आतल्या थरात गेलं. दोघी जणी पुढचा आठवडाभर आल्या नाहीत हेही खरं आहे. पण त्यानंतरच्या प्रत्येक गोधडीला कोपऱ्यात काळी तीट असते, आणि तिचं कापड आपांकडूनच येतं.

अशा वेळी गट चालवणाऱ्या बाईनं गप्प राहता येणं ही मोठी कसोटी असते. मी लगेच बोलले असते तर ते गट चालवणाऱ्या बाईचं म्हणणं झालं असतं.

जोड्या पाडायचा आणखी एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नाही. चष्मा बहुतेकींकडे नसतो, असला तर घरी असतो. म्हणून मी वयस्कर बाईशेजारी तरुण मुलगी बसवते, आणि मुद्दाम दुसऱ्या भाषेची. मुलगी ओवून देते, बाई टाका दाखवते. दोरा हातभरच घ्यायचा, त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी सुई ओवायला पुढे करावी लागते. मागण्यासारखं काहीतरी प्रत्येकीकडे असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. आधी हिंदीत, मग खाणाखुणांनी, मग अर्धं मराठी अर्धं तेलुगू. आमच्याकडच्या एका आजींना आज उर्दूतले आकडे येतात, कारण सुया मोजायचं काम त्यांच्याकडे आहे. सुया मोजून द्या आणि मोजूनच परत घ्या. बायका लहान मुलं घेऊन येणार, त्यांना नाही म्हणायचं नाही, आणि जमिनीवर पडलेली सुई मुलाच्या पायात गेली तर तुमचा उपक्रम त्याच दिवशी संपेल.

टाक्यांबद्दल माझी एक चूक सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या वर्षी आमची गोधडी एका प्रदर्शनात ठेवायची होती. बिहारच्या बायकांचा टाका बारीक आणि एकसारखा होता, तांदळाच्या कणीसारखा. काही जणींचा लांब, वाकडातिकडा. प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा मी एका रात्री घरी बसून तीन-चार वाकड्या ओळी उसवल्या आणि नीट घातल्या. दुसऱ्या दिवशी धुणीभांडी करून येणाऱ्या एका मावशींनी गोधडीवरून हात फिरवला, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही माझी ओळ नाही." अक्षर वाचता न येणाऱ्या बाईला आपला टाका हातानं ओळखता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी त्यांची माफी मागितली, सगळ्यांसमोर. त्यांनी ती ओळ परत उसवली आणि परत घातली, तशीच वाकडी. ताई, टाके सारखे करू नका. दहा हातांची गोधडी दहा हातांचीच दिसली पाहिजे. एकीला दुसरीचा बारीक टाका शिकावासा वाटला तर ती स्वतः विचारते, आणि विचारतेच.

आता भिशी. एक गोधडी शिवून झाली की मोठा प्रश्न येतो: ही कुणाची? मंडळाच्या कपाटात ठेवली तर कुणाचीच नाही. विकली तर पैशांवरून वाद. नगरसेवकाला भेट दिली तर बायकांचं मन उडतं. आम्ही बायकांच्या सवयीची रीत घेतली. दहा जणींचा गट, चिठ्ठी निघेल तिच्या घराची गोधडी, बाकी नऊ जणींनी तिच्यासाठी बसायचं. मग पुढची चिठ्ठी. आठवड्यातून दोन दुपारी, दोन-दोन तास बसलं तर एक गोधडी अडीच-तीन आठवड्यांत होते. सण, लग्नं, गावी जाणं धरून दहा गोधड्यांना आठ-नऊ महिने लागतात. तोवर प्रत्येकीनं नऊ घरांसाठी टाके घातलेले असतात आणि तिच्या घरात नऊ जणींचे टाके असतात. जिची चिठ्ठी असते तिच्या घरी एक तरी बैठक करायची, हा आमचा नियम. त्या निमित्तानं कानडी बाई पहिल्यांदा मोहल्ल्यातल्या घराचा उंबरा ओलांडते. घर केवढं, स्वयंपाक कुठे होतो, सासू कशी, भिंतीवर कुणाचा फोटो, सगळं दिसतं. चहाचा प्रश्न तिथेच येतो आणि तिथेच सुटतो किंवा सुटत नाही. काहींनी पहिल्या वेळी नुसतं पाणी घेतलं. एकीनं तेही घेतलं नाही. सातव्या गोधडीपर्यंत तिनं चहा घेतला, बशीत ओतून.

चिठ्ठीत ज्यांचा नंबर आधी लागला त्या नंतर येतील का, ही भीती मलाही होती. काही जणी गळतात. पण भिशीत नाव घातलेली बाई हप्ता बुडवत नाही, कारण बुडवला तर गल्लीत तोंड दाखवता येत नाही. ही अब्रूची गोष्ट आपल्या कामाला उपयोगी पडते.

जागा आणि वेळ यांवर कंजुषी करू नका. देवळाचा मंडप नको, मशिदीची खोली नको, विहार नको, पक्षाचं कार्यालय तर नकोच. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पाहुणी होते. अंगणवाडी सुटल्यावरची खोली सगळ्यात बरी, नाहीतर मनपा शाळेचा व्हरांडा. वेळ नळाच्या पाण्याशी आणि घरकामाच्या पाळीशी जुळवा. आमच्याकडे दुपारी दोन ते चार जमतं. रमजानमध्ये वेळ आधी घ्या आणि त्या महिन्यात खोलीत चहा करू नका. कुणी सांगण्याआधी आपण केलं की त्याची नोंद घेतली जाते. छठला बिहारच्या बायका चार-पाच दिवस नसतील. त्या दिवसांत मधला भाग शिवू नका, कडेचं काम घ्या.

"आपापल्या पारंपरिक वेशात या" असा कार्यक्रम मात्र कृपा करून ठेवू नका. मला याची चीड आहे. वर्षभर जी बाई मॅक्सीवर ओढणी घेऊन पाणी भरते तिला एक दिवस नऊवारी नेसवून किंवा घागरा घालून उभी केली की ती माणूस न राहता नमुना होते. आणि बाकीच्या तिला नमुना म्हणूनच बघतात. वेगळेपण कामातून आपोआप वर येतं.

ते कसं येतं ते सांगते. हात चालू असले की गाणं येतं. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचं केवढं धन आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे; हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या खोलीत जातं नव्हतं, सुई होती. गरोदर मुलीची गोधडी चालू असताना आजींनी पाळणा म्हटला. तो संपला तशी मुझफ्फरपूरच्या सुनेनं सोहर सुरू केला, बाळ झाल्यावर म्हणतात तो. शब्द कुणाला कळले नाहीत, पण मध्येच दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. ती मुलगी लग्नानंतर चार वर्षं माहेरी गेली नव्हती, हे आम्हाला त्या गाण्यानंतर कळलं. त्याआधी सहा आठवडे ती आमच्यात बसत होती.

नवरात्रात तर फारच मजा आली. तेलुगू अक्कांची बतुकम्मा पितृअमावस्येला सुरू होते. फुलांचे थर रचून मनोरा करायचा, मध्ये ठेवायचा आणि भोवती टाळ्या देत फिरायचं. अक्का फुलं शोधत होत्या. "तंगेडू पाहिजे, गुनुगु पाहिजे," म्हणत होत्या आणि कुणाला समजेना. मग त्यांनी मुठा कालव्याच्या कडेनं फिरून फांद्या आणून दाखवल्या. आपला तरवड आणि आपला कुरडू. मावळातल्या एक मावशी म्हणाल्या, "हे होय? आमच्या बांधावर गाडाभर!" आणि पुढच्या खेपेला पिशवी भरून घेऊन आल्या. त्याच दिवसांत आमचा भोंडला. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. गुजराती शेजारीण म्हणाली, आमचा गरबाही घटाभोवतीच. त्या वर्षी एकाच अंगणात आधी हत्तीभोवती फेर झाला आणि मग फुलांभोवती. कुणी योजला नव्हता. मोहल्ल्यातल्या बायका फेरात आल्या नाहीत, खिरापत ओळखायला मात्र हौसेनं बसल्या आणि दोनदा जिंकल्या. त्यांना फेरात ओढायचा प्रयत्न मी केला नाही, तुम्हीही करू नका. कुणी कुठवर यायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

नावांचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक गोधडीच्या मागच्या बाजूला दहा जणी आपलं नाव शिवतात, आपल्या लिपीत: देवनागरी, उर्दू, तेलुगू, कन्नड. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी आधी स्वतः अक्षरं काढून देत असे. एका मावशींना ते आवडलं नाही. त्यांनी मनगट पुढे केलं, त्यावरचं गोंदण दाखवलं आणि तेच शिवलं, चार ठिपके आणि एक तुळस. ते बघून बिहारच्या सासूबाईंनी हातावरचा गोदना शिवला. आता लिहिता येणाऱ्या मुलीसुद्धा आजीचं गोंदण आठवून शिवतात.

तुम्ही पैशांबद्दलही विचारलं आहे. शिकवणारी संस्था किंवा देणगीदार मिळाला तर उत्तम, पण गोधडीच्या मध्यभागी बोधचिन्ह किंवा घोषवाक्य घालू देऊ नका. आमच्याकडे एकदा तशी अट आली होती, बायकांनी नको म्हटलं आणि आम्ही सुयादोऱ्याचा खर्च वर्गणीतून काढला. तो फार नसतोच. विक्रीसाठी काम करायचं असेल तर जरूर करा, पण दुसऱ्या वर्षी आणि वेगळ्या दिवशी. विक्रीच्या कामात माप, मुदत, दर्जा येतो. बारीक टाक्याची बाई महाग होते आणि वाकड्या टाक्याची मागे पडते. कमाईचं महत्त्व मी नाकारत नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी बंडानंतर ज्यांचे नवरे, मुलं बेपत्ता झाली त्या बायका पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवत, त्यांना अर्पिलेरा म्हणतात. चर्चच्या आधारानं त्या सांतियागोमध्ये एकत्र बसत, आणि परदेशात विकलेल्या त्या चित्रांवर घरं चालत. बिहारच्या भुसुरा गावात १९८८ च्या सुमारास सुजनीचं काम नव्यानं उभं राहिलं तेव्हा बायकांनी हुंडा, मुलींचं शिक्षण हे विषय टाक्यांतून मांडले आणि त्यातून कमाईही झाली. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या दोन्ही ठिकाणी बायकांना जोडणारं काहीतरी आधीच होतं, चिलीत दुःख आणि भुसुऱ्यात गाव. तुमच्याकडे ते अजून व्हायचं आहे. म्हणून पहिलं वर्ष एकमेकींच्या घरांसाठी शिवा.

नळावरची भांडणं थांबतील का? आमच्याकडे थांबलेली नाहीत. पाणी कमी आलं की भांडण होतं. फरक एवढाच पडला की भांडताना आता नावानं हाक मारतात. पूर्वी "त्या बिहारीण" आणि "त्या मुसलमानीण" असं होतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका तेलुगू अक्कांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा रिक्षात आपा बसल्या आणि अक्कांची दोन पोरं आजींकडे झोपली, आपापल्या गोधडीत. मला हे चार दिवसांनी कळलं, सुया मोजताना.

पहिल्या बैठकीला हे घेऊन जा: अंथरायला एक जुनं नऊवारी, लांब जाड सुयांची दोन पाकिटं, पांढरा आणि लाल जाड दोरा, दोन कात्र्या, तीन-चार अंगुस्तानं, एक वाचायचा चष्मा आणि कोपऱ्यांवर ठेवायला चार वजनं. आमच्याकडे पाण्यानं भरलेले तांबे असतात, कारण दुपारी तहानही लागते. प्रश्न तो एकच विचारा, बाळाला कशात गुंडाळतात. उत्तरं आली की सगळे शब्द फळ्यावर लिहू नका, नुसते ऐका. आणि पहिल्या चिठ्ठीत मंडळाच्या अध्यक्षांचं, म्हणजे तुमचं नाव घालू नका; तुमची गोधडी दहावी असू द्या.